अडतीस मूर्ती

ममताच्या फोनवर आयकराची नोटीस आली, तेव्हा तिची आई शेवंता पत्र्याच्या शेडखाली बसून एका बुद्धमूर्तीचे कान घडवत होती. कान सगळ्यात शेवटी काढायचे, हा शेवंताचा नियम. कानाची पाळी लांब आणि पातळ. छिन्नी जरा जास्त बसली तर दहा दिवसांचं काम पाण्यात. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलत नसे. ममताही बोलली नाही. पायरीवर बसून तिने नोटीस दोनदा वाचली आणि आईचा हात थांबायची वाट पाहत राहिली.

नोव्हेंबर होता. भेडाघाटला पाहुण्यांची गर्दी सुरू झाली होती, आणि धुवाँधार धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्या गावाच्या फाट्यावरून सकाळपासून वाहत होत्या. ह्या चार महिन्यांच्या विक्रीवर गजभियांच्या घराचं वर्ष चालायचं. शेवंताचा नवरा दयाराम गजभिये. त्याचा बाप भंडाऱ्याकडून जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात कामाला आला होता. दयारामला ती नोकरी लागली नाही. तो भेडाघाटच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दगड शिकला आणि लग्न झाल्यावर त्याने बायकोलाही शिकवलं. आता दयारामच्या छातीत दगडाची धूळ बसली होती. विहिरीपर्यंत चालत गेला तरी त्याला टेकावं लागे. कारखाना शेवंता चालवायची. पाच माणसं, एक ग्राइंडर, एक कम्प्रेसर, आणि मागे एक बंद खोली, जिच्यात दयाराम पूर्वी एकटा काम करायचा.

शेवंताने छिन्नी खाली ठेवली, फुंकर मारली आणि कानावरून अंगठा फिरवला.

"काय झालं? काहून तोंड उतरवून बसली?"

"आई, इन्कम टॅक्सवाले पूछ रहे हैं," ममता म्हणाली. ती लहानपणापासून हिंदी शाळेत शिकलेली. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी घुसायची. "ते चोरीचं. आपण जो तोटा लिहिला होता ना रिटर्नमध्ये, त्याचा पुरावा मागून राहिले. पंधरा दिवसांत."

"पुरावा म्हंजे?"

"म्हंजे मूर्ती खरंच होत्या का. किती होत्या. गेल्या का खरंच." ममताने पुढचं वाक्य वाचायचं टाळलं, पण आईच्या नजरेपुढे टळेना. "लिहिलंय, दाखवलेला तोटा विश्वास ठेवण्याजोगा वाटत नाही."

शेवंताने केसांवरची पांढरी भुकटी पदराने झटकली आणि मूर्ती ओल्या कपड्याने पुसायला घेतली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक माणूस कारखान्यात आला होता. गौरांग नाव सांगितलं. गोरापान, बोलायला मऊ, आल्याआल्या "जय भीम, ताई" म्हणून हात जोडले. एका मोठ्या विहाराच्या ट्रस्टसाठी दीड फुटी बैठ्या मूर्ती हव्या होत्या, अडतीस नग, सगळ्या ध्यानमुद्रेतल्या. ट्रस्टच्या छापील कागदावर ऑर्डर दिली, एकवीस हजार बयाणा दिला. सहा महिने अख्खा कारखाना त्याच कामात होता. डिसेंबरात तो पिकअप घेऊन आला, मूर्ती पेंढ्यात बांधून चढवल्या, आणि फोनवर बँकेचा मेसेज दाखवला, पैसे पाठवल्याचा. शेवंताने त्याला चहा पाजला. निघताना त्याने वाकून दयारामच्या पायाला हात लावला.

पैसे आलेच नाहीत. ट्रस्ट नव्हताच. गाडीचा नंबर कटनीच्या कुण्या मास्तरच्या स्कूटरचा निघाला.

त्यानंतर शेवंता एकदाच रडली, आणि तेही पैशासाठी नाही. "त्यानं जय भीम म्हणलं न वं," एवढंच म्हणाली.

नोटीस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ममताला घेऊन जबलपूरमधल्या कांचघरला गेली. बाबाराव खोब्रागडे तिथल्या बाजारात एका जिन्यावरच्या खोलीत लोकांचे रिटर्न भरायचे. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, स्वच्छ शर्ट, खिशात दोन पेन. रिटर्नमध्ये तोट्याची रक्कम त्यांनीच लिहिली होती. तेव्हाही थोडी बोलाचाली झालीच होती. बाबाराव विक्रीची किंमत धरा म्हणत होते, पंधरा हजाराची एक. शेवंता म्हणाली होती, पंधरा हजार मला मिळणार होते, माझे गेले नाहीत. गेले ते दगडाचे, मजुरीचे, पॉलिशचे. एका मूर्तीमागे नऊ हजार आठशे. अडतीसचे तेवढेच लिहा, आणि त्यातून त्या चोराचा बयाणाही कमी करा.

आज बाबारावांनी नोटीस वाचून चष्मा काढला.

"शेवंताबाई, चोरीचा तोटा धंद्यात धरता येते. कायदा आहे. पण सिद्ध आपल्याला करावं लागते. चोरी झाली, हे एक. माल होता, हे दुसरं. त्याच्यावर इतका खर्च झाला, हे तिसरं. पोलिसांचा कागद पहिल्यापुरता चालेल. पुढच्या दोन्हींचं काय?"

शेवंताने पिशवीतून शाळेची जाडी वही काढली. तिला ती घडणवही म्हणायची. प्रत्येक मूर्तीला एक ओळ: दगड कुठला, वजन किती, कच्चं काम कुणी केलं, चेहरा कुणी काढला, किती दिवस, मजुरी किती. मजुरीच्या पुढे कारागिरांच्या सह्या, कुणाचा अंगठा.

बाबाराव एकेक पान उलटत गेले. त्यांचा आवाज बदलला. "हे तुम्ही कधीपासून लिहून राहिले?"

"सातवी झाले मी. लिहायचं विसरू नये म्हणून लिहीत होती."

बाबारावांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "सत्तावीसच आहेत."

 ममताला आठवलं. त्या वर्षी ऑक्टोबरात बाबांना मेडिकलला भरती केलं होतं, अठरा दिवस, आणि आई त्यांच्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. इकडे कारखान्यात पियूष आणि बाकीच्या कारागिरांनी सात मूर्ती पुऱ्या केल्या. लिहायला कुणी नव्हतं. आणि उरलेल्या चार बाबांच्या. त्या त्यांनी भरती व्हायच्या आधी मागच्या खोलीत बसून, दार लावून, एकट्याने घडवल्या होत्या. त्यांच्या मूर्ती वहीत कधीच लागत नसत. "मी का मजूर हाय, हजेरी लावाले?" म्हणायचे.

बाबारावांनी वही मिटली. खिशातलं निळं पेन काढलं, वहीवर ठेवलं, आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "मागे कोरी पानं आहेत. शाई हीच आहे. मी आता खाली चहा प्यायला जातो. अर्धा तास लागेल मला."

शेवंताला कळायला क्षणभर लागला. मग तिने पेन उचललं आणि त्यांच्या टेबलावर, त्यांच्या बाजूला ठेवलं.

"बाबारावजी, ह्या वहीत मी दोन वर्षांपूर्वी खोटं लिहिलं नाही. आता लिहिलं तर त्या सत्तावीसही खोट्या होतील. नाही का?"

"मी तुमच्या भल्याचं सांगत होतो, बाई."

"मले मालूम हाय. तुम्ही चहा घ्या. मले सांगा फक्त, अजून कायकाय चालते पुरावा म्हणून."

बाबाराव चहाला गेले नाहीत. त्यांनी एक कागद घेतला आणि लिहायला बसले.

पुढचे दहा दिवस ममताला नंतर कितीतरी काळ आठवत राहिले. सकाळी पाचला शेवंता उठायची, चूल पेटवायची, दयारामला वाफ द्यायची, सातपासून अकरापर्यंत दगडावर बसायची. दुकानात ठेवायला छोट्या मूर्ती लागत होत्या; त्या थांबवून चालणार नव्हतं. अकरा वाजता हातपाय धुऊन, नखांतली भुकटी काडीने काढून ती साडी बदलायची आणि ममताच्या स्कूटीवर मागे बसायची.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी त्यांना बाकावर तीन तास बसवलं. नोंदी ठेवणारा मुंशी म्हणाला, "अरे अम्मा, दो साल पुराना केस है, अब क्या करोगी कॉपी का? भगवान मिल गए क्या?" आणि शेजारचा शिपाई हसला. शेवंताने त्या दोघांकडे पाहिलं. "भगवान नहीं थे भैया, मूर्ती थी. मेरे हाथ की थी. आप काग़ज़ दे दो, हम चले जाएँगे." दुसऱ्या दिवशी बाराला गेल्या, संध्याकाळी पाचला एफआयआरची शिक्क्याची नक्कल आणि तपासात आरोपी सापडला नसल्याचा अहवाल घेऊन बाहेर पडल्या. मधल्या वेळेत शेवंताने ठाण्याच्या आवारातल्या नळावर त्याच मुंशीची पाण्याची बाटली भरून आणून दिली होती. काहून दिली, म्हणून ममता चिडली, तर म्हणाली, "त्याले तहान लागली होती. एवढंच."

दगडाचा व्यापारी पाटणच्या रस्त्याला बसायचा. त्याने जुनी बिलं पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती. शेवंता स्वतः शिडी चढली. दोन तास उंदरांच्या लेंड्यांत बसून तिने नऊ बिलं शोधली, नऊही तिच्या नावाची.  व्यापारी म्हणाला, "दीदी, आप बोलतीं तो मैं नया बिल बना देता." ती म्हणाली, "नया नहीं चाहिए, भैया. वही चाहिए जो था."

गाड्या तोलायच्या धर्मकाट्याची पावती तिने जपून ठेवली होती. त्या दिवशी पिकअप आधी रिकामी आणि मग भरून तोलली होती. ती पावती सापडली की अडतीसच्या अडतीस मूर्तींचं वजन एका ओळीत मिळणार होतं. पावती सापडली. प्लास्टिकच्या पाकिटात, घडी न मोडता. ममताने उघडली तर कागद पांढराशुभ्र. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत राहून छपाई उडून गेली होती. काट्यावर गेल्या, तर तिथला माणूस म्हणाला, कॉम्प्युटर बदलला, जुनं काही नाही.

ममता तिथेच काट्याच्या लोखंडी पाटावर उभी राहून रडायला लागली. मागे एक ट्रक हॉर्न देत होता.

"चल, बाजूला हो," शेवंता म्हणाली. "त्याले वजन करायचं हाय."

वहीत नसलेल्या सात मूर्तींचा पुरावा सापडला तो इंदिरामुळे. इंदिरा पॉलिश करायची. पाण्यात बसून खरखरीत कागदाने दगड घासायची, बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. तिची बहीण मंडल्याला. बहिणीला रोज एखादा फोटो पाठवायची तिला सवय होती: आज काय भाजी केली, केसात कुठलं फूल लावलं, कारखान्यातली मांजर कुठे झोपली. शेवंताने विचारलं तेव्हा तिने लाजून फोन पुढे केला. ममता फोटो मागे मागे नेत गेली. ऑक्टोबर. इंदिरा हसतेय, मागे दोन मूर्ती. मांजर पेंढ्यात, पेंढ्याच्या कडेला एक मूर्ती. डबा उघडलेला, वर दोन मूर्तींच्या मांड्या दिसताहेत.

"एकच मूर्ती दोनदा मोजू नको," शेवंता म्हणाली. "बाबाले दाखव."

दयाराम खाटेवर उशीला टेकून बसला. ममताने एकेक फोटो मोठा करून धरला. तो बराच वेळ पाही, मग बोट ठेवी. "हे पियूषचं. त्याचा डावा गुडघा नेहमी जाड राहते. हे पण त्याचंच, पण दुसरं हाय, याच्या चिवराची घडी वर गेली. हे मोहनलालचं. पाय पाहा, अंगठा सरळ." धाप लागली की थांबायचा. दुपारभर त्याने बत्तीस फोटो पाहिले आणि सात वेगवेगळ्या मूर्ती काढल्या. फोनमध्ये प्रत्येक फोटोची तारीख होती. पियूष आणि मोहनलालने जबलपूरच्या कोर्टात जाऊन नोटरीसमोर शपथपत्र दिलं, कोणती कुणी केली आणि किती मजुरी घेतली.

ममताने आपल्या हिशेबाच्या कागदावर लिहिलं: चौतीस.

"आणि माझ्या?" दयाराम म्हणाला.

 त्याच्या चार मूर्ती कुठल्याच फोटोत नव्हत्या. मागच्या खोलीतून त्या थेट पेंढ्यात बांधून बाहेर आल्या होत्या.

पियूष दाराशी उभा होता. म्हणाला, "दीदी, मैं लिख देता हूँ ना. कह दूँगा भैयाजी को बनाते देखा."

"पाहिलं का तू?"

"देखा नहीं. पर मालूम तो है. हम सबको मालूम है."

"मालूम असल्याची शपथ नको घेऊ, बाबा. पाहिलं असेल त्याचीच घे."

बाबारावांनाही फोनवर विचारलं. ते म्हणाले, तुमचं दोघांचं शपथपत्र लावून अडतीस मागता येतील. साहेब मानेल किंवा नाही मानणार. शेवंताने त्यांना चार कमी करा म्हणून सांगितलं. बाबारावांनी आकडेमोड केली. मग म्हणाले, चारांवर जो कर बसेल तो भरावा लागेल, व्याजासकट नऊ-साडेनऊ हजार. शेवंता म्हणाली, भरू.

दयारामने हे सगळं खाटेवरून ऐकलं. त्याने चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी बनवल्याच नाही म्हणायच्या," तो भिंतीला म्हणाला. "माझ्या शेवटच्या होत्या त्या. त्यांच्यानंतर हातोडी उचलली नाही मी. लिहा, नव्हत्या म्हणून."

"नव्हत्या असं कोण म्हणून राहिलं?"

"तूच म्हणून राहिली!"

खोकला आला आणि थांबेना. शेवंताने त्याला उठतं केलं, पाठ चोळली, कोमट पाणी ओठाला लावलं. पाणी प्यायला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती वाफ द्यायची, तो घ्यायचा. ती ताट ठेवायची, तो खायचा. ममताला ते पाहवेना. संध्याकाळी कपडे काढताना तिने आईला विचारलं, "आई, चारच तर आहेत. लिहून टाक ना. खरंच तर आहे."

शेवंताने वाळलेली लुंगी घडी करत सांगितलं, "खरं हाय म्हणूनच. तो टॅक्सवाला म्हणून राहिला, तुमच्यावर विश्वास नाही. मी त्याच्यासमोर अशी एकही गोष्ट ठेवणार नाही, की जिच्यावर बोट ठेवून तो म्हणेल, पाहा, हे तर नुसतं तोंडी. तुझ्या बाबाच्या मूर्तीवर त्यानं असं बोट ठेवावं का?"

ममताने दोरीवरचा पुढचा कपडा ओढला. आईने चार मूर्ती कशापासून वाचवल्या, ते तिला त्या लुंगीच्या घडीपाशी कळलं.

सगळं अपलोड करायला दोन दिवस गेले. फाट्यावर नेटवर्क यायचं, म्हणून ममता चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसली. प्रत्येक कागदाला नाव दिलं, नंबर दिला. वहीचं पान, त्याच मूर्तीच्या दगडाचं बिल, त्याच कारागिराची मजुरी, एकाखाली एक. एक तक्ता तिने स्वतः बनवला, आणि बाबारावांनी तो पाहून फक्त एवढंच म्हटलं, "बेटा, तू माझ्याकडे कामाला ये."

जानेवारीत व्हिडिओवरच्या सुनावणीची तारीख आली. बाबाराव कांचघरहून बसने आले. शेवंताने पांढरी साडी नेसली. दगड रचायच्या फळीवर लॅपटॉप ठेवला. बाजूला ग्राइंडर बंद, कारागीर बाहेर उन्हात उभे. बाबाराव, शेवंता, ममता बाकावर बसले. दयाराम आला नाही, पण त्याची खाट दारातून दिसेल अशी ओढलेली होती, आणि ती त्याने स्वतः सांगून ओढून घेतली होती.

साहेबाचा कॅमेरा बंद होता. पडद्यावर एक करडा चौकोन, आणि त्यातून आवाज. शेवंताला चेहरा पाहायचा होता. ती क्षणभर गोंधळली, मग तिने त्या करड्या चौकोनाला हात जोडले.

आवाजाने वहीबद्दल विचारलं. कुणी लिहिली, कधी लिहिली, अक्षर एकाच दिवशी लिहिल्यासारखं नाही का? शेवंताने वही कॅमेऱ्यासमोर धरली. "सर, ये पन्ना देखिए. यहाँ हल्दी लगी है, यहाँ पानी गिरा है. इस दिन अँगूठा मोहनलाल का कटा था, तो दस्तख़त उल्टे हाथ का है." तिने बाहेर हाक मारली. मोहनलाल आत आला आणि कॅमेऱ्यासमोर अंगठा धरून उभा राहिला. नखाखाली जुनी पांढरी खूण होती.  मग आवाजाने फोटोंबद्दल विचारलं. ममताने सांगितलं, आवाज स्थिर ठेवून; मध्ये एकदा बोलणं अडलं, तेव्हा आईने फळीखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक बात समझ नहीं आई," आवाज म्हणाला. "एफआईआर में अड़तीस मूर्तियाँ हैं. रिटर्न में भी अड़तीस. अब आप चौंतीस का दावा कर रही हैं. तो पुलिस को ग़लत बताया था, या हमें?"

बाबाराव तोंड उघडणार, तोच शेवंता बोलली.

"दोनों को सही बताया, सर. अड़तीस गईं. चार मेरे मिस्टर ने बनाई थीं. अकेले, पीछे के कमरे में. वो काग़ज़ पर कभी लिखाते नहीं थे अपना काम. किसी ने देखा नहीं, फ़ोटो नहीं है. मैं आपको दिखा नहीं सकती, तो माँग नहीं रही. पर थीं."

 पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"टैक्स लगेगा उन चार पर. मालूम है आपको?"

"मालूम है, सर."

"आपके पति हैं वहाँ?"

शेवंताने दाराकडे पाहिलं. दयाराम उठून बसला होता. पियूषने पुढे होऊन हात दिला, तो त्याने नाकारला. भिंत धरत, तीनदा थांबत, तो स्वतः आला आणि लॅपटॉपसमोर उभा राहिला. श्वासाची शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"आपका नाम?"

"दयाराम. दयाराम गजभिये."

"चार मूर्तियाँ आपने बनाई थीं?"

"हाँ, साहब."

"कितने दिन में?"

"तबियत ख़राब थी. एक को पच्चीस-पच्चीस दिन लगे. चौथी को ज़्यादा." तो श्वास घ्यायला थांबला. "चौथी अच्छी बनी थी."

 टाइप करण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मग "ठीक है, धन्यवाद," आणि करडा चौकोन नाहीसा झाला.

त्या दिवशी दयारामने ताटावर बसताना शेवंताला विचारलं, "तू जेवली का?" ममताने मान खाली घालून भात कालवला.

आदेश मार्चमध्ये आला. दुपारची वेळ होती. दगडाची गाडी येऊन उभी होती आणि शेवंता डोक्याला फडकं बांधून, पियूषबरोबर एक ठोकळा दांड्याने सरकवत होती. ममता फोन घेऊन धावत आली. चौतीस मूर्तींचा तोटा मान्य. बयाणा वजा करून, खर्चाच्या हिशेबाने, जसा मागितला तसाच्या तसा. दंड नाही. चार मूर्तींवरचा कर व्याजासह नऊ हजार चारशे दहा, तीस दिवसांत.

पियूषने दांडा टाकून टाळी वाजवली. इंदिरा पाण्यातून उठून आली. शेवंताने ठोकळ्याला पाय लावून तो घसरणार नाही याची खात्री केली आणि मगच विचारलं, "आजच भरता येते का ते पैसे?"

"येतात. फोनवरून."

"मग भरून टाक. अन् बाबाले वाचून दाखव, सगळं."

दयाराम उन्हात खुर्चीवर बसला होता. आदेश इंग्रजीत होता, सात पानं. ममता एकेक वाक्य हिंदीत, जमेल तिथे मराठीत, सांगत गेली. कलमं, रकमा, तारखा. दयाराम डोळे मिटून ऐकत होता. झोपला असं तिला वाटलं. पाचव्या पानावर ती थांबली. तो भाग तिने आधी वाचला नव्हता.

"काय झालं?"

"बाबा, इथं तुमचं नाव आहे."

त्याने डोळे उघडले.

ममताने सावकाश सांगितलं. सुनावणीत करदात्याचे पती श्री. दयाराम गजभिये उपस्थित होते. आणखी चार मूर्ती त्यांनी स्वतःच्या हाताने, आजारपणात, शंभरहून अधिक दिवसांत घडवल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांच्या कथनावर अविश्वास ठेवण्याचं कारण दिसत नाही. परंतु लेखी पुरावा नसल्यामुळे करदात्याने त्यांचा दावा आपणहून मागे घेतला आहे, आणि त्यामुळे त्या विचारात घेतलेल्या नाहीत.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"म्हंजे होत्या, असं लिहिलं त्यानं."

"हो, बाबा. लिहिलं."

दयाराम खुर्चीत सरळ झाला. मग त्याने हाक मारली, "शेवंते!" बऱ्याच दिवसांत इतक्या मोठ्याने त्याने हाक मारली नव्हती, आणि पुढे लगेच खोकला आला. शेवंता हात पुसत आली. तो खोकत होता, पण हाताने तिला थांब म्हणत होता. श्वास जुळल्यावर त्याने गाडीतून उतरवलेल्या ठोकळ्याकडे बोट केलं.

"त्या दगडात शीर हाय. उजव्या बाजूनं. मधातून कापू नका, फाटेल. पियूषले इकडे पाठव, मी खूण करून देतो."

शेवंताने गेरूचा तुकडा आणून त्याच्या हातात दिला, आणि पियूषला हाक मारली.